दार उघडलं ते मुकादमांनी

आमच्या लोकांत वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी दार उघडायचं नसतं. यहुद्यांचा हा मोठा उपास. इतरत्र त्याला दुसरं नाव आहे, पण आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे यहुदी, त्याला दारफळणीचा सण म्हणतो. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पांढरे कपडे घालून आत जायचं, दाराला अडसर लावायचा, आणि दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, पायात चामडं नाही, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. लाटसाहेब आले तरी त्यांनी ओट्यावर बसून वाट पाहायची. मला उपास कधीच फारसा आवडला नाही, पण तो अडसर फार आवडायचा. वर्षातला निदान एक दिवस कोणालाही वाकून सलाम करायला बाहेर जावं लागू नये, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे.

तो अडसर एकदा माझ्या डोळ्यांदेखत काढला गेला. गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या अखेरच्या काळातली, नगरची. इतकी वर्षं झाली, पण माझा राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

नगरात तेव्हा आमची मोजकीच घरं होती. कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी लष्कराच्या हिशेब कचेरीत, एक इस्पितळात कंपाउंडर. मी हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. मशीद (सिनेगॉगला आमच्या बोलीत मशीदच म्हणतात) होती ती पुण्याला. इथे भिंगारला, सदर बाजाराच्या मागे, भाड्याच्या घरातली एक लांबट खोली. एका टोकाला पवित्र ग्रंथाची गुंडाळी ठेवायचं सागवानी कपाट, मध्ये कठड्याचा चौथरा, मागे बायकांसाठी चिकाचा पडदा. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. नऊ जमले तर ती नऊ माणसं, प्रार्थना नव्हे. बदल्या होत होत त्या वर्षी आम्ही बरोबर दहा उरलो होतो, आणि त्यात प्रार्थना चालवणारे म्हातारे हझानही आले.

जमातीच्या प्रमुखाला आम्ही मुकादम म्हणतो. आमचे मुकादम लष्कराला लाकूडकोळसा पुरवायचे. लढाईने पुष्कळांची घरं बसली, मुकादमांच्या घरावर मजला चढला. आता त्यांना सरकारी किताब हवा होता. त्यासाठी कँटोनमेंटच्या कचेरीबाहेरच्या बाकावर ते इतके बसायचे, की आमच्या घरात त्या बाकाला ‘मुकादमांची गादी’ असंच नाव पडलं होतं.

त्या वर्षी सणाच्या आधीच्या दुपारी आमच्या दारात एक टांगा थांबला. आतून एक बाई उतरली. साधं निळं पातळ, डोक्यावरून पदर. टांगेवाला लगाम धरून तिच्याकडे टक लावून बघत होता.

“बाई, रागावू नगा,” तो म्हणाला, “पन तुमी त्या शिनेमातल्या बाईवानी दिसता. ती थेटरावर टांगलीय बघा, मोठ्या चित्रात.”

“सगळे म्हणतात तसं.”

“पन ती लई गोरी हाय.”

“तिला पांढरं फासतात हो. मला कोण फासणार?”

टांगेवाल्याला ते पटलं. पैसे घेऊन तो गेला. मी ओट्यावर उभा राहून ऐकत होतो, आणि मलाही ते पटलं होतं. आई पुऱ्या तळत होती, ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिने त्या बाईकडे एकदाच पाहिलं.

“चपला बाहेर काढ आणि आत ये,” आई म्हणाली. “बापाचं नाक घेऊन हिंडतेस, आणि पदर घेतला म्हणजे कोणी ओळखत नाही होय?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती खरोखरच थेटरावर टांगलेली बाई होती. भंडारदऱ्याला धरणावर तिच्या चित्रपटाचं काम चालू होतं, तिथून ती दोन दिवसांची सुट्टी मागून आली होती. मोटार आणि ड्रायव्हर डाक बंगल्यावर ठेवून टांगा केला होता, गावात गवगवा नको म्हणून.

तिचा बाप रेल्वेत सुतार होता आणि त्यांचं बिऱ्हाड आमच्या शेजारी होतं. ही त्यांची एकुलती एक मुलगी, मला दोन वर्षांनी मोठी. सतरा वर्षांची असताना ती मुंबईला जाऊन सिनेमात शिरली. मुकादमांनी बैठक बोलावली आणि ठरवलं, की जिची तोंड रंगवून परक्या पुरुषांच्या गळ्यात पडायची तयारी आहे, तिच्या बापाने आमच्यात बसायचं कारण नाही. सुताराला वाळीत टाकलं. ज्या कपाटासमोर आम्ही सगळे मान झुकवायचो ते कपाट त्यानेच केलेलं होतं, सुट्टीचे रविवार घालवून, एक पैसा न घेता. मुलगी गेल्यानंतर दर शनिवारी तो रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभा राहून आमची प्रार्थना ऐकायचा. मी ते पाहिलेलं आहे. आम्ही बाहेर पडायला लागलो की तो निघून जायचा, आम्हाला मान फिरवायचे कष्ट पडू नयेत म्हणून.

तो वारला तेव्हा मुकादमांचा निरोप घरोघर फिरला, की कोणी जायचं नाही. आणि कोणीही गेलं नाही. त्याला उचललं ते रेल्वेतल्या सोबत्यांनी: एक मुसलमान फिटर, एक ख्रिस्ती सिग्नलवाला आणि दोन मराठे खलाशी. आमच्यातले दहा पुरुष कबरीपाशी नव्हते, म्हणून दफनाच्या वेळची कद्दीशची प्रार्थना झाली नाही. मुलीला कळेपर्यंत त्याला मातीत जाऊन आठवडा झाला होता.

पिठाच्या हातांनीच आईने तिला पाणी दिलं. ती म्हणाली, “मावशी, मला काही नको. मागे बसेन, कोणाशी बोलणार नाही. फक्त उद्या हश्काब्याच्या वेळी काकांनी उभं राहून बाबांचं नाव घ्यावं.”

हश्काबा म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना. आमच्या खोलीतली रीत अशी, की घरातल्या पुरुषाने उभं राहून मेलेल्याचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट मोठ्याने सांगायचं, आणि हझानांनी ते प्रार्थनेत घालून म्हणायचं. बाईने नाव पुकारायचं नाही. हिला भाऊ नव्हता, नवरा नव्हता. त्यामुळे एका सज्जन माणसाचं नाव त्याच्याच कपाटापुढे कधी उच्चारलं गेलं नव्हतं. “माझ्या स्वप्नात येतात ते,” ती म्हणाली. “काही बोलत नाहीत. लिंबाखाली उभे असतात.”

माझे वडील आतल्या खोलीत होते. रेल्वेत गार्ड म्हणून पेन्शन घेतलेले. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पण ते बाहेर आले नाहीत.

“ऐकलंत ना?” आई तिथूनच म्हणाली. “तो गेला त्या दिवशी तुमची गाडी नव्हती. सुट्टी होती तुम्हाला.”

“माहीत आहे.”

“मग?”

“माहीत आहे म्हटलं ना.”

आमच्या घरात यापेक्षा लांब कबुली मी कधी ऐकली नाही.

पुढचा प्रश्न लुगड्याचा. सणाला पांढरं लागतं. “तुझ्याकडे पांढरं एकही नाही?” आईने विचारलं. “आहेत की. पण सगळ्यांवर जरतार आहे. एक तर अंधारात चमकतं.” आईने तिला आपलं दुसरं लुगडं दिलं, पदराशी ठिगळ असलेलं. ती ते नेसून बाहेर आली आणि खरोखर आमच्यातलीच एक झाली. पांढऱ्या कपड्यांचा हा गुण मला आजवर कोणत्याही धर्मग्रंथाने सांगितला नाही, पण तोच मोठा आहे: त्यात मुकादम कोण आणि सुतार कोण हे लांबून कळत नाही.

संध्याकाळी भिंगारच्या खोलीला अडसर लागला. ती पडद्यामागे आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. कोणाचं लक्ष गेलं नाही. ती गप्प राहिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सुरुवातीची जुनी चाल लागली आणि तिला राहवलं नाही. बापाच्या मांडीवर बसून शिकलेली ती. हळूच, ओठांतल्या ओठांत ती गाऊ लागली. आमच्या बायकांचं गाणं म्हणजे एरवी पत्र्यावर गारा. त्या दिवशी ते एकाएकी सुरात आलं. एकेक बाई गप्प होऊन ऐकू लागली, आणि प्रत्येकीला तो आवाज ओळखीचा वाटला, कारण पानाच्या दुकानातल्या रेडिओवर तोच आवाज रोज असायचा. मुकादमांच्या बायकोने चिकाच्या फटीतून नवऱ्याला काहीतरी सांगितलं. मुकादमांचं बोट पोथीतल्या ओळीवरून घसरलं, ते रात्रभर पुन्हा जागेवर आलं नाही.

आम्ही सगळे तिथेच सतरंज्यांवर निजलो. सकाळी उठलो तर मुकादम मागच्या खिडकीपाशी उभे, गजांकडे तोंड करून पुटपुटत होते. मला वाटलं, माणसात बदल झाला, एकांतात देवाशी बोलतोय. ते देवाशी बोलत नव्हते. गजांपलीकडे त्यांचा नोकर उभा होता.

उन्हं चांगली तापली होती तेव्हा दारावर थाप पडली. आमच्यापैकी कोणीही हललं नाही. त्या दिवशी कोणी हलत नसतं. मुकादम उठले, दारापाशी गेले, आणि त्यांनी अडसर काढला.

माझ्या वडिलांच्या तोंडून “अहो!” इतकंच निघालं.

बाहेर कँटोनमेंटचा साहेब, मडमीच्या गळ्यात कॅमेरा, नोकराच्या दोन्ही हातांत खुर्च्या, आणि दुसऱ्या एकाकडे झेंडूचा हार. बुटांसकट सगळे आत आले. आम्ही अनवाणी, उपाशी, भिंतीला टेकलेले. मडमीने आम्हा सगळ्यांना पांढऱ्या कपड्यांत पाहून हळूच नवऱ्याला विचारलं, लग्न कोणाचं आहे. खुर्च्या मांडल्या गेल्या त्या थेट कपाटासमोर.

मुकादमांनी भाषण केलं, आधी इंग्रजीत, मग आमच्यासाठी मराठीत. आमच्या छोट्याशा जमातीचं रत्न, आमची कन्या, आमचा अभिमान. नगरात लवकरच स्वतंत्र मशीद उभी राहील आणि तिच्या कोनशिलेवर या कन्येचं नाव असेल. ही कन्या अकरा वर्षांपूर्वी याच तोंडाने कोणत्या शब्दांत वर्णिली गेली होती ते मी ऐकलेलं होतं. तोच आवाज, तोच उंचावलेला हात. माणूस स्वतःचंच बोलणं इतक्या स्वच्छपणे विसरू शकतो, हे मी इतिहासात शिकवत होतो. समोर पाहायला मिळालं ते त्या दिवशी.

तिला पडद्याबाहेर बोलावलं.

“मुकादम, आज नको,” ती म्हणाली.

“अहो, हा विनयच तर!” असं म्हणत त्यांनी हार तिच्या गळ्यात घातला. मडमीने फोटो घेतला. ठिगळ पदराखाली गेलं होतं, त्यामुळे फोटो चांगलाच आला असणार.

मग हश्काब्याची वेळ झाली. साहेबाला घालवून द्यायची पंचाईत, म्हणून तो बसूनच राहिला. पहिला मान मुकादमांचा. त्यांनी आपल्या वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आणि साहेबाकडे बघत एका अशा चुलत्याचं घेतलं जो पलटणीत सुभेदार होता. एकेक जण उठत गेला. माझे वडील उठले. त्यांनी आपल्या आईवडिलांची नावं घेतली, धाकट्या भावाचं घेतलं, क्षणभर थांबले, आणि सुताराचं नाव घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट.

हझानांनी तोंड उघडलं आणि मुकादमांकडे पाहिलं.

“ते नाव इथे नसतं,” मुकादम म्हणाले. “बैठकीचा ठराव आहे.”

“ठराव मोडा,” वडील म्हणाले. “आत्ताच काय कमी मोडलंय?”

“आवाज खाली ठेवा. साहेब बसलेत.”

“साहेबाला मराठी येत नाही. आणि आलं तर बरंच आहे.”

मुकादम व्यवहारी माणूस. ते तिच्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, “बाई, जुन्या गोष्टी कशाला? आपण तुमच्या नावाने आशीर्वाद म्हणू. तुमचं नाव दगडावर कोरू.”

ती पडद्याजवळ हार घालून उभी होती. “माझं नाव भिंतीभिंतींवर आहे, मुकादम,” ती म्हणाली. “पावसात भिजतं, शेळ्या कागद ओढून खातात. मला त्याचं काही वाटत नाही. बाबांचं घ्या.”

“बरं, मग असं करू. हझान, म्हणा, ‘बाईंचे वडील’. झालं?”

“त्याला नाव होतं,” माझे वडील म्हणाले. “त्याच्या बापालाही होतं.”

“नियम म्हणजे नियम.”

तेव्हा वडील शांतपणे चालत दाराशी गेले. मी उठू लागलो, तर मागे न बघता म्हणाले, “तू बस. एक कमी झाला तरी पुरे.” अडसर भिंतीला टेकवलेलाच होता. त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यापलीकडे, ओट्यावर जाऊन उभे राहिले.

“दार बंद असतं तर मला उठता आलं नसतं,” ते म्हणाले. “बापजाद्यांची रीत मी मोडली नसती. दार तुम्ही उघडलंत. आता मोजा.”

मोजायला काय लागतं? आत नऊ होते. साहेब धरला तर दहा, पण तो यहुदी नव्हता. हश्काबा अडला, त्यापुढची प्रार्थना अडली, आणि संध्याकाळची ती शेवटची, जिच्याशिवाय अख्ख्या दिवसाचा उपास तसाच लोंबकळत राहतो, तीही अडली. पुण्याहून दहावा माणूस आणायचा तर सण संपून जाणार. वडील गार्ड होते. निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पडद्यामागे कोणाचं तरी तान्हं रडत होतं. साहेबाने मुकादमांकडे झुकून सभ्यपणे विचारलं, “मध्यंतर झालं का?”

मुकादम साहेबाकडे बघून कसनुसं हसले. साहेबाला काय सांगणार? की आम्ही एका मेलेल्या सुताराला घाबरतो? पडद्यामागून माझ्या आईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा: “मुकादम, साहेबाला सांगा ना, तो बसलाय त्याच्यासमोरचं कपाट कोणी केलं ते.”

मुकादमांनी हझानांकडे पाहून मान डोलावली, इतकी थोडी, की उद्या नाकारता यावी.

म्हाताऱ्या हझानांनी पोथी मिटली. सुताराला उचलायला न जाणाऱ्यांत तेही होते. त्यांनी कपाटाकडे तोंड केलं आणि ते नाव म्हटलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. वडील तोवर उंबऱ्याच्या आत आले होते. नाव उच्चारलं गेलं तेव्हा आम्ही दहा होतो.

तिने हार काढून कोपऱ्यात ठेवला आणि पडद्यामागे जाऊन बसली. चांदण्या दिसेपर्यंत ती सगळ्यांसारखी उपाशी बसली. साहेब केव्हा निघून गेला ते मी पाहिलं नाही. त्याच्यामागे अडसर माझ्या वडिलांनी लावला. संध्याकाळी उपास सोडताना काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला आईने तिच्या ओठांशी लावला. निघताना ती लुगडं परत करू लागली, तर आई म्हणाली, “ठेव. जरतार नसलेलं एक तरी असू दे.”

गोष्ट इथे संपली असती तर मी रागावलो नसतो.

दोन महिन्यांनी मुकादमांनी कपाटावर पितळी पाटी बसवली. तिच्यावर मजकूर: ‘सुप्रसिद्ध अभिनेत्रींच्या उपस्थितीत, मुकादम अमुकअमुक यांच्या प्रेरणेने.’ सुताराचं नाव पाटीवर नव्हतं. त्याने सगळं कपाट सांध्यात सांधा घालून केलं होतं, एक खिळा मारला नव्हता. पाटीला चार स्क्रू लागले, ते कोणा अडाण्याने भोक न पाडता तसेच पिळले, आणि पाटीखालचा सागवान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलला. पुढच्या सणाला मुकादम सर्वांना सांगत होते, की त्या बिचाऱ्याचं नाव आपण मोठ्या मनाने पुन्हा घेऊ लागलो. किताब त्यांना मिळाला नाही. साहेबाची बदली झाली आणि पाठोपाठ इंग्रजांचीच बदली झाली. मशीद बांधली गेली नाही. पुढे एकेक कुटुंब इस्राएलला गेलं. मुकादमांचं कुटुंब सर्वांत आधी गेलं. तिकडे त्यांनी कोणत्या कचेरीबाहेरची गादी धरली, मला माहीत नाही.

माझे वडील जिवंत असेतो दर दारफळणीला सुताराचं नाव आपल्या आईवडिलांच्याही आधी घ्यायचे. आता मी घेतो. मी त्याचा कोणी लागत नाही. सणासाठी पुण्याला जातो, तिथल्या मशिदीत त्याला कोणी ओळखत नाही, आणि शेजारचे विचारतात, हे कोण? मी सांगतो, आमच्याकडचे सुतार होते. त्यांच्या मुलीचा उल्लेख करत नाही. मग उभा राहतो आणि नाव घेतो, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.